लातूरला घर बांधायलोय, जमिनीत पाइप टाकून चालणाऱ्या एसीला सरकारी सबसिडी मिळते का?

तुमचा प्रश्न असा की अमेरिकेतला मेव्हणा म्हणतोय जमिनीतल्या गारव्यावर एसी चालव, बिल निम्म्यावर येतं आणि सरकार ३० टक्के पैसे परत देतं, तर आपल्याकडं तसं काही आहे का. नाही. घरमालकानं अर्ज भरला, बोअर मारला आणि खात्यात पैसे आले अशी योजना ना दिल्लीची आहे ना मुंबईची. एखादा माणूस कोटेशन घेऊन आला आणि त्यात खाली बारीक अक्षरात 'शासकीय अनुदान वजा जाता' असं लिहिलं असेल तर त्याला फक्त जीआरचा नंबर मागा. माझ्याकडं आला होता असा एक, नंबर मागितला तर म्हणे साहेब लवकरच निघणार आहे. चहा पाजून वाटंला लावला.

माझं सांगायचं तर अंबाजोगाईत एसी, कूलर आणि मोटारींचं काम करतो, डिप्लोमा मेकॅनिकलचा, आणि हा जमिनीत पाइप घालायचा किडा मला पण चावलेला आहे, त्याचं पुढं सांगतो.

आधी मेव्हण्याचं. तो खोटं बोलत नाही, फक्त त्याची माहिती शिळी आहे. तिकडं ३० टक्के होते, पण ते हातात रोख मिळत नव्हते, भरायच्या इन्कम टॅक्समधून वजा व्हायचे. म्हणजे ३०,००० डॉलर खर्च केला तर ९,००० डॉलर टॅक्स कमी, आणि टॅक्सच तेवढा बसत नसेल तर उरलेले काही सरकार घरी आणून देत नव्हतं. २०२२ च्या कायद्यानं हे २०३२ पर्यंत ३० टक्के ठरवलं होतं, पण जुलै २०२५ मध्ये नवीन कायदा आला आणि ३१ डिसेंबर २०२५ ला ते बंद केलं. मेव्हण्यानं त्याच्या आत बसवून घेतलं असेल तर रिटर्नसोबत फॉर्म ५६९५ भरायला सांगा, नसेल तर त्याचं पण हुकलं. काही राज्यांचं आणि वीज कंपन्यांचं वेगळं असतं, ते त्याचं त्यानं बघावं.

आता ही सरकारं एवढे पैसे का द्यायलेत ते बघा, कारण आपलं सगळं उत्तर त्यातच आहे. तिकडं थंडीत घर गरम करायला गॅस नाहीतर तेल जाळावं लागतं, ते जाळणं कमी व्हावं म्हणून हा खटाटोप. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर जुना बॉयलर काढून जमिनीतला हीट पंप (हेच मशीन, उलटं चालवलं की घर गरम करतं) बसवला की ७,५०० पौंड मिळतात, योजनेचं नावच बॉयलरवरून आहे. आपल्याकडं घर गरम कोण करतं? डिसेंबरात दोन आठवडे शेकोटी आणि एक गोधडी, संपलं.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं भूऔष्णिक म्हणजे जमिनीतल्या उष्णतेच्या ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण काढलंय हे खरं आहे आणि त्यात या हीट पंपांचा उल्लेख पण आहे. पण धोरण वेगळं आणि सबसिडी वेगळी. शिवाय त्यातला मोठा भाग गरम झऱ्यांचा, लडाखच्या पुगा खोऱ्यासारख्या ठिकाणी वाफेवर वीज करायचा. आमच्याकडं जिओथर्मल म्हणलं की लोक लगेच किनवटचं उनकेश्वर काढतात, तिथं गरम पाण्याचं कुंड आहे म्हणून. त्याचा आणि तुमच्या घराच्या एसीचा काही संबंध नाही, तुम्हाला जमिनीतली उष्णता नकोय, तुम्हाला घरातली उष्णता जमिनीत ढकलायचीय.

आणि तिथंच गोम आहे. वीस-तीस फूट खाली गेलं की जमिनीचं तापमान त्या भागातल्या हवेच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास येऊन थांबतं. अमेरिकेच्या उत्तरेत ते १० ते १२ अंश असतं, म्हणजे जमिनीतून फिरून आलेलं पाणीच जवळजवळ फ्रिजमधलं. मराठवाड्यात ते २६ ते २८ धरा. बाहेर ४२ असताना २७ बरंच वाटतं, पण तो गारवा नाही, कॉम्प्रेसरला उष्णता फेकायला जरा बरी जागा एवढंच.

माझा प्रयोग ऐका. घरामागं जागा होती, नऊ फूट खोल आणि ९० फूट लांब चर खोदून सहा इंची पाइप पुरायचा, एका टोकाला ब्लोअर, दुसरं टोक हॉलमध्ये, एसी नाही काही नाही, नुसती हवा. वर चार फूट काळी माती लोण्यासारखी निघाली, मग मुरूम, आणि सात फुटांवर काळा दगड. जेसीबीवाला खाली उतरला, चराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणला ब्रेकर लावावा लागंल, तास डबल. निम्मा चर मी सात फुटांवरच सोडला. मे महिन्यात चालू केलं, दुपारी दोनला बाहेर ४१ आणि पाइपच्या तोंडाशी ३१, मी नाचायचाच बाकी होतो. संध्याकाळी सातला तोच पाइप ३४ दाखवायला लागला, कारण दिवसभर गरम हवा जाऊन पाइपाभोवतीची माती तापली होती, आणि बाहेर तोपर्यंत हवा आपोआप उतरायला लागली होती. मग जुलैत एका जॉइंटमधून पावसाचं पाणी आत गेलं आणि हॉलमध्ये असा कुबट वास सुटला की आईनं एक दिवस मला न विचारता पाइपच्या तोंडात पोतं कोंबलं. ते अजून तिथंच आहे.

तुम्ही म्हणाल ते देशी जुगाड झालं, खरा हीट पंप बसवू. बसवा, पण हिशोब करून. आडवा चर नको असेल तर उभा बोअर लागतो, एका टनाला साधारण १५० ते २०० फूट, त्यात पाइप खाली जाऊन वळून वर येतो, आतल्या आत तेच पाणी फिरतं आणि पाइपाभोवतीची पोकळी भरून घ्यावी लागते. दीड टनाचे दोन एसी म्हणजे तीन टन, म्हणजे ४५० ते ६०० फूट. तुमच्या बोअरवाल्याचा फुटाचा भाव, केसिंग, पाइप सगळं लावून बघा, मशीन वेगळीच. कायद्याचं पण बघावं लागतं, महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या खाली गेलं की ती खोल विहीर धरतात आणि अधिसूचित म्हणजे सरकारनं जाहीर केलेल्या भागात तिच्यावर निर्बंध आहेत, तुमचा बोअर पाण्यासाठी नाही हे तुम्ही कुणाकुणाला समजावत बसणार. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं ६०० फूट बोअर मारायचे आणि त्यातून पाणीच काढायचं नाही, हे शेजाऱ्याला सांगून बघा एकदा.

बचत किती? दीड टनाचा चांगला इन्व्हर्टर एसी तासाला एक युनिटच्या आसपास घेतो, रोज आठ तास, चार महिने, म्हणजे हजारेक युनिट. उष्णता जमिनीत सोडून त्यातले ३० टक्के वाचले असं धरू, ३०० युनिट, युनिटला दहा ते पंधरा रुपये म्हणलं तरी वर्षाला तीन ते साडेचार हजार. दोन एसीचे दुप्पट धरा. यात ते बोअर कधी फिटायचे? आणि तिकडं हिवाळ्यात जमिनीतून उष्णता काढून घेतात म्हणून तिचा हिशोब जुळतो, आपण दरवर्षी नुसती ओतत राहणार, काढणार कुणीच नाही, मग काही वर्षांनी बोअरभोवतीचा दगडच तापून बसतो आणि फायदा घटत जातो. मे महिन्यात कोरडा पडलेला दगड तर ओल्यापेक्षा उष्णता कमीच घेतो.

सबसिडीचे पैसे सध्या छतावरच्या सोलर पॅनलवर आहेत. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तीन किलोवॅटला ७८,००० रुपये, त्याच्यावर कितीही बसवा तेवढेच. तीन किलोवॅट म्हणजे रोज बाराएक युनिट, एका एसीचा दिवसाचा खर्च त्यात निघतो आणि ऊन जास्त तेव्हाच एसी जास्त, दोन्हीची वेळ पण जुळते. पैसे आधी तुम्ही भरायचे, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारं) बसून तपासणी झाली की सबसिडी खात्यात येते. मीटर घरगुती पाहिजे, बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर भागत नाही, आणि पॅनलमधले सेल भारतात बनलेलेच लागतात, स्वस्त पडतं म्हणून दुसरे घेतले की सबसिडी गेली. सप्टेंबर २०२५ पासून सोलरवरचा जीएसटी १२ वरून ५ झालाय आणि एसीवरचा २८ वरून १८, तो पण एक फायदाच म्हणा. हिरव्या म्हणजे ग्रीन रेटिंगच्या इमारतीला जास्तीचा एफएसआय (जागेवर किती बांधता येतं ते प्रमाण) मिळतो, रेटिंगप्रमाणे ३, ५ नाहीतर ७ टक्के, पण ते बिल्डरचं काम, एका घरासाठी त्या रेटिंगच्या मागं लागू नका.

घर अजून बांधायचंच आहे म्हणून सांगतो. आजोबांचं माळवदाचं घर होतं, पांढऱ्या मातीच्या दोन हात जाड भिंती, मे महिन्यात दुपारी आत घोंगडी घेऊन झोपायचो. १९९३ च्या भूकंपानंतर तसल्या घराची भीती बसली ती बसलीच, आणि बरोबरच आहे, पण स्लॅबचं घर बांधताना आपण ऊन अडवायचं विसरलो. पश्चिमेची भिंत दुहेरी करा, मधे दोन इंच पोकळी सोडा, स्लॅबवर पांढरा कोट मारा, पश्चिमेच्या खिडक्या लहान ठेवा. आणि स्लॅब टाकायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून छतापासून मीटरपर्यंत एक जाड रिकामी नळी टाकून घ्या, नंतर सोलरवाला भिंतीवरून वायरी लोंबकळत आणतो आणि नवा रंग खराब करतो.