तोलेदोला जायच्या दिवशीच पाऊस आहे. आई-बाबांना घेऊन जावं का? आत शिरून बघण्यासारखं काय आहे?

जा, रद्द करू नका. तुम्ही लिहिलंय की माद्रिदहून एकाच दिवसासाठी निघताय, आई-बाबा सत्तरीचे आहेत आणि अंदाज दिवसभर पावसाचा आहे. मी माद्रिदला राहतो. घरी आलेल्या पाहुण्यांना तोलेदोला मीच नेतो, आणि माझं मत पक्कं आहे की पावसाने तिथलं फार थोडं हातचं जातं. जातं ते मुख्यतः ताखो नदीच्या पलीकडच्या टेकडीवरून दिसणारं शहराचं दृश्य. त्याची भरपाई कुठे होते ते पुढे सांगतो.

पाऊस म्हणजे आपल्याकडचा आषाढातला धरू नका. तोलेदोत वर्षभरात साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे सोलापूरपेक्षाही कमी. त्रास होतो तो उताराचा आणि गुळगुळीत दगडी फरशीचा. जुनं शहर टेकडीवर आहे, गल्ल्या अरुंद, आणि दोन माणसांच्या छत्र्या समोरासमोर आल्या की अडतात. टोपीचा रेनकोट आणि रबरी तळाचे बूट घ्या. स्टेशनवरून चालत चढू नका, टॅक्सी करा. ड्रायव्हरला ‘सिनागोगा देल त्रान्सितो’, म्हणजे ज्यूंचं जुनं प्रार्थनागृह, एवढंच सांगा. जुन्या ज्यू वस्तीतली चार-पाच ठिकाणं तिथे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळे आई-बाबांना भिजावं लागेल ते फार तर पाच-पाच मिनिटं.

त्रान्सितोपासूनच सुरुवात करा, कारण तोलेदो म्हणजे काय ते या एका दालनात कळतं. कॅस्टिल या तेव्हाच्या ख्रिस्ती राज्याचा राजा पेद्रो पहिला, त्याचा ज्यू खजिनदार सॅम्युएल हा-लेवी. त्याने हे प्रार्थनागृह १३५७ च्या सुमारास बांधवलं. बाहेरून साधी विटांची भिंत. आत गेलात की पूर्वेकडच्या भिंतीसमोर उभे राहा आणि नजर हळूहळू वर न्या. सगळी भिंत चुनेगच्चीच्या बारीक नक्षीने भरलेली आहे. वेली, पानं, भूमितीच्या आकृत्या, आणि त्यांच्या कडेने धावणाऱ्या हिब्रू अक्षरांच्या ओळी. त्याच नक्षीत अरबी अक्षरं आहेत आणि कॅस्टिलच्या राजाचं किल्ल्याचं चिन्हही आहे. हिब्रू, अरबी आणि ख्रिस्ती राजमुद्रा, एकाच भिंतीवर, एकाच ओल्या चुन्यात. वर लार्चच्या लाकडाचं छत आहे, मान दुखेपर्यंत बघावं असं.

हे काम ज्यांनी केलं त्यांना मुदेहार म्हणतात. १०८५ साली ख्रिस्ती राजा सहाव्या आल्फोन्सोने मुसलमानांकडून तोलेदो जिंकल्यावरही जे मुसलमान ख्रिस्ती राज्यात राहिले, ते आणि त्यांच्या परंपरेत शिकलेले कारागीर. चर्च बांधायचं असो, सिनागॉग असो की सरदाराचा वाडा, चुना आणि लाकूड यांच्याच हाती जायचं. तुम्ही दिवसभर ज्या इमारतींत शिराल त्यांत हीच कारागिरी शोधत राहा. चौकात उभं राहून फोटो काढणाऱ्याला ती दिसत नाही, कारण ती सगळी आत आहे. म्हणूनच पावसाच्या दिवशी तोलेदो बघायला मला काहीच हरकत वाटत नाही.

सॅम्युएल हा-लेवीचा शेवट वाईट झाला. १३६० मध्ये त्याच राजाने त्याला पकडलं आणि तो सेव्हियात छळ होऊन मेला. १४९२ मध्ये सगळ्या ज्यूंना स्पेन सोडायला लावलं. आता या इमारतीत सेफार्दी, म्हणजे स्पेनच्या ज्यूंचं, संग्रहालय आहे. आपल्यासाठी त्यात एक जवळचा धागा आहे. त्या हकालपट्टीत जी कुटुंबं पोर्तुगालला पळाली त्यांतल्या एका कुटुंबातला मुलगा गार्सिया द ओर्ता. तो १५३४ मध्ये वैद्य म्हणून गोव्याला आला, मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं, आणि आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. बाहेरून ख्रिस्ती म्हणून जगला. मेल्यानंतर, १५८० मध्ये, गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. ही गोष्ट आई-बाबांना त्या दालनातल्या बाकावर बसून सांगा. तिथल्या काचेच्या पेट्यांतल्या वस्तू मग परक्या वाटत नाहीत.

शेजारीच एल ग्रेको या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराचं संग्रहालय आहे. एल ग्रेको त्याच वस्तीत राहायचा, पण ही इमारत त्याचं घर नव्हे; नंतर त्या धर्तीवर सजवलेली आहे. तिथे सगळी चित्रं बघायचा आग्रह धरू नका. ‘तोलेदोचं दृश्य आणि नकाशा’ या चित्रासमोर मात्र थांबा. पावसाने हिरावलेलं शहर ते हेच. पूर्ण तोलेदो टेकडीवर पसरलेलं, आणि उजवीकडे एक तरुण हातात शहराचा नकाशा धरून उभा. मधोमध एक मोठी इमारत चक्क ढगावर ठेवलेली दिसेल. ते तावेरा इस्पितळ. खऱ्या जागी काढलं असतं तर वेशीचा दरवाजा झाकला गेला असता, म्हणून ते उचलून ढगावर ठेवलं, असा खुलासा एल ग्रेकोने चित्रातल्या त्या नकाशावरच लिहून ठेवलाय! चित्रकार स्वतःच्या चित्रातच बघणाऱ्याशी असा हिशेब मांडतो हे मला फार आवडतं.

तिथून सान्तो तोमे चर्च. इथे एकच चित्र बघायचं, ‘ओर्गाझच्या काउंटचं दफन’, आणि त्यासाठी रांग असते. टूरच्या बस पोहोचायच्या आत, म्हणजे दहाला उघडल्याबरोबर, गेलात तर शांतपणे बघता येतं. वेळ साधत असेल तर त्रान्सितो साडेनऊला बघून दहाला थेट इथे या आणि ग्रेकोचं संग्रहालय नंतर घ्या. आत फोटो काढू देत नाहीत.

या चित्रामागे एक खटला आहे. ओर्गाझचा जहागीरदार गोन्सालो रुइझ १३२३ मध्ये वारला. दरवर्षी गावाने या चर्चला दोन मेंढ्या, सोळा कोंबड्या, दोन बुधले दारू, दोन गाड्या सरपण आणि आठशे माराव्हेदी (तेव्हाची नाणी) द्यावेत, असं त्याने मृत्युपत्रात लिहिलं होतं. दोनशे वर्षांनी गावाने देणं थांबवलं. इथल्या पाद्र्याने दावा लावला आणि १५६९ मध्ये जिंकला. मग त्या दानशूर माणसाची आठवण कायम राहावी म्हणून १५८६ मध्ये त्याने आपल्याच परिसरात राहणाऱ्या एल ग्रेकोला हे काम दिलं. दंतकथा अशी की गोन्सालोला पुरायला स्वतः संत स्टीफन आणि संत ऑगस्टिन स्वर्गातून उतरले. चित्रात तेच दोघे चिलखतातला देह अलगद खाली उतरवताहेत, आणि खरी कबर चित्राच्या बरोबर खाली आहे. म्हणजे तो देह जणू चित्रातून तुमच्या पायापाशी उतरतोय.

चित्र जवळपास पाच मीटर उंच आहे. आधी मागे उभं राहून सगळं बघा, मग खालचा डावा कोपरा. मशाल धरून आपल्याकडे बघणारा लहान मुलगा एल ग्रेकोचा स्वतःचा, होर्हे मानुएल. त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या रुमालावर चित्रकाराची सही आहे आणि वर्ष आहे १५७८. चित्र त्या वर्षीचं नाही, ते मुलाचं जन्मवर्ष आहे. मग स्टीफनच्या झग्याकडे बघा. त्याला दगडांनी ठेचून मारलं तो प्रसंग झग्याच्या कडेवर वेगळ्या छोट्या चित्रासारखा काढलाय. मागे ओळीने उभे असलेले काळ्या कपड्यांतले, पांढऱ्या चुणीदार गळपट्ट्यांचे लोक त्या काळचे तोलेदोकर आहेत. घाई करणारे लोक आत येतात, फोन बाहेर काढतात, रक्षकाचं बोलणं खातात आणि निघून जातात. तुम्ही वीस मिनिटं द्या.

सान्ता मारिया ला ब्लान्का आणि सान हुआन दे लोस रेयेस ही पुढची दोन ठिकाणं सान्तो तोमेच्याच सामाईक तिकिटात येतात. तिकीट म्हणजे मनगटावर बांधायची पट्टी, तीन-चार ठिकाणं करणार असाल तर तीच घ्या. पहिलं बाराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचं सिनागॉग, पंधराव्या शतकात चर्च झालेलं. आत पांढरेशुभ्र खांब आणि घोड्याच्या नालाच्या आकाराच्या कमानी, रांगांमागून रांगा. खांबांच्या माथ्यावर पाइनची फळं कोरलेली आहेत. ज्यूंचं प्रार्थनागृह, मशिदीसारखं दिसणारं, ख्रिस्ती राज्यात बांधलेलं, नाव मेरीचं. दहा मिनिटांत बघून होतं, पण वगळू नका.

सान हुआन हा मठ राणी इसाबेला आणि राजा फेर्दिनान्द यांनी पोर्तुगालविरुद्धच्या तोरोच्या लढाईनंतर, १४७७ मध्ये सुरू केला. स्वतःच्या कबरींसाठीच बांधायला घेतला होता, पण ग्रानादा हे स्पेनमधलं शेवटचं मुसलमान राज्य जिंकल्यावर बेत बदलला. पावसात इथला दोन मजली ओवऱ्यांचा चौक सगळ्यात सुंदर. वरून छप्पर, समोर कोरीव कमानी, मधे भिजणारी बाग. वरच्या मजल्यावर पुन्हा मुदेहार धर्तीचं रंगवलेलं लाकडी छत आहे. जिना आहे, आईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांनी खालीच बसावं.

जेवण दोन ते चार. शाकाहारी असाल तर ‘पिस्तो’ मागा, म्हणजे टोमॅटो-ढोबळी मिरचीची मुरवलेली भाजी. वर अंडं घालतात, नको असेल तर आधीच सांगा. लसणाचं सूप बिनमांसाचं वाटतं, पण त्यात बहुतेक ठिकाणी हॅम असतो. जेवणानंतर मार्झिपान घ्या. त्यात मुख्यतः बदाम आणि साखर असते, आई-बाबांना आवडेल. काही ठिकाणी वरून अंडं लावतात, चालत नसेल तर आधी विचारा.

दुपार सगळी कॅथेड्रलला. काम सुरू झालं १२२६ मध्ये, संपलं १४९३ मध्ये. १२० मीटर लांब, पूर्वीच्या मुख्य मशिदीच्या जागेवर. सगळं बघायला गेलात तर आई-बाबा दमतील आणि काहीच लक्षात राहणार नाही. मी चार गोष्टी दाखवतो.

पहिली, मधल्या गायनकक्षातली लाकडी आसनं. खालच्या रांगेच्या पाठींवर ग्रानादाच्या युद्धाचे ५४ प्रसंग आहेत, रोद्रिगो आलेमान या सुताराने १४८९ ते १४९५ मध्ये कोरलेले. ग्रानादा पडलं १४९२ च्या जानेवारीत. म्हणजे कोरीव काम सुरू झालं तेव्हा युद्ध चालूच होतं! वेढे, शिड्या, तोफा, शरण येणारे लोक, सगळं हाताच्या अंतरावर बघता येतं. ज्यांचा पराभव इथे कोरलाय त्यांच्याच परंपरेतल्या, एकमेकींत गुंफलेल्या कमानी मुख्य वेदीच्या मागच्या भागात वर भिंतीत दिसतात. दोन्ही एकाच फेरीत बघा.

दुसरी, वेदीच्या मागचं ‘त्रान्सपारेन्ते’. इथे अंधार फार, म्हणून नार्सिसो तोमे याने १७३२ पर्यंत काम करून छतालाच भोक पाडलं आणि त्यातून येणारा उजेड संगमरवराच्या देवदूतांवर सोडला. ढगाळ दिवशी तो झोत मिळत नाही, हे कबूल करायला हवं. एक मात्र आहे, मंद उजेडात डोळे दिपत नाहीत आणि भोकाच्या कडेने बसवलेल्या आकृती नीट दिसतात. तिथेच वर बघताना छताला टांगलेल्या जुन्या लाल टोप्या दिसतील. त्या कार्डिनलांच्या, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरूंच्या, ज्याच्या त्याच्या कबरीवर लटकवलेल्या. कुजून पडेपर्यंत तशाच राहतात.

तिसरी, खजिन्यातली एनरिके दे आर्फेची ‘कुस्तोदिया’, म्हणजे पवित्र प्रसादाची भाकरी ठेवून मिरवायचं पात्र, १५१७ ते १५२४ मध्ये घडवलेली. तीन मीटरच्या घरातली चांदीची मनोऱ्यासारखी रचना, हजारो तुकडे स्क्रूंनी जोडलेले. आत इसाबेलाचं सोन्याचं छोटं पात्र आहे. चौथी, साक्रिस्तीत, म्हणजे पाद्र्यांच्या पोशाखाच्या दालनात, एल ग्रेकोचा लाल झग्यातला ख्रिस्त. तिथेच गोयाचंही एक चित्र आहे, घाईत ते राहून जातं.

आल्काझार या किल्ल्यामधलं लष्करी संग्रहालय बाबांना शस्त्रांची आवड असेल तरच करा; ते एकटंच अर्धा दिवस खातं. त्याच इमारतीत वर सार्वजनिक ग्रंथालय आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या कॉफीच्या जागेतून शहराची छपरं दिसतात, काचेआडून, कोरड्यात. शनिवार-रविवारी जाणार असाल तर ते उघडं असेल का ते आधी बघा.

वाराचंही बघा. सोमवारी त्रान्सितो आणि ग्रेको संग्रहालय बंद. रविवारी सकाळी कॅथेड्रलमध्ये प्रार्थना, पर्यटकांना दुपारनंतर प्रवेश. त्या दिवशी त्रान्सितो मात्र दुपारी लवकर बंद होतं, पण तिकीट लागत नाही. मंगळवार ते शुक्रवार सगळ्यात सोयीचे. गाडी माद्रिदच्या आतोचा स्टेशनवरून सुटते, अर्ध्या-पाऊण तासात पोहोचवते. परतीचं तिकीटही आधीच काढा, पावसात सगळेच लवकर परत निघतात आणि संध्याकाळच्या गाड्या भरतात.