व्हॅन डाइक प्रिंट (लोह आणि चांदीच्या क्षारांनी कागदावर उमटवलेला तपकिरी फोटो) तासभर धुऊनही पांढरा भाग पिवळाच राहतो. अजून किती वेळ धुवावी?

वेळ वाढवून काही होणार नाही. तो पिवळेपणा लोहाचा आहे. जड पाण्यात लोह निघायच्या ऐवजी कागदात घट्ट बसतं. पहिल्याच ट्रेमध्ये लिटरला 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाका. किराणा दुकानातलं लिंबूफूल चालतं. पाणी पिवळं झालं की बदला, पिवळं यायचं थांबलं की मगच हायपो, म्हणजे उरलेली चांदी विरघळवून प्रिंट पक्की करणारं द्रावण.

'तासभर वाहत्या पाण्याखाली' हे तुम्हाला कुठल्यातरी कार्यशाळेत सांगितलं असणार. आम्हालाही सांगितलं होतं, वेंगुर्ल्याजवळ माझ्या आत्याच्या घरी, ऐन वैशाखात. शहरातून आलेल्या सरांनी विहिरीवरचा पंप लावला, नळी ट्रेमध्ये सोडली आणि चहाला बसले. आत्याने येऊन बटण बंद केलं. "माडांक पाणी नाय, आणि तुमी कागद धुतास?" सर हसून म्हणाले, टिकाऊ प्रिंट म्हणजे काय हे यांना कोण समजावणार! ते हसणं मला अजून सलतं.

कारण बरोबर आत्याच होती. खाडीलगतची विहीर, उन्हाळ्यात मचूळ होते. ट्रेमधलं पाणी दुधाळ झालं तेव्हा सर म्हणाले, कागदाची खळ सुटतेय. कसली खळ! उरलेलं सिल्व्हर नायट्रेट आणि पाण्यातलं मीठ, त्यांचं सिल्व्हर क्लोराइड झालं होतं. ते हायपोत विरघळतं, पण हायपो तेवढा लवकर थकतो. शिवाय नळीचं पाणी एका कोपऱ्यातून येतं नि दुसऱ्यातून जातं. प्रिंट पक्की झाल्यावर कागदात राहिलेला हायपो धुऊन काढायचा असतो, तो हळूहळू बाहेर येतो, त्याला घाई चालत नाही. ट्रे भरा, पाचेक मिनिटं हलवत राहा, ओता, पुन्हा भरा. दोन-तीन बादल्यांत काम होतं. जाड कागदाला जास्त फेऱ्या, एवढंच.

आणि सर, वाचत असाल तर ऐका: हायपो काढायला समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा लवकर काम करतं. समुद्र समोरच होता. मीठ नडतं ते हायपोच्या आधी, नंतर नाही.

अर्थात शेवटी गोड्या पाण्यात मीठ काढावंच लागतं. हायपोत प्रिंट दोन-तीन मिनिटंच ठेवा, जास्त ठेवली की छटा उडतात. वापरलेला हायपो माडाच्या आळ्यात ओतू नका, त्यात चांदी असते. आणि हे सगळं व्हॅन डाइकचं. सायनोटाइपला (फक्त लोहाच्या क्षारांची निळी प्रिंट) हायपो लागत नाही, समुद्राचं पाणी तर लावूच नका. ते किंचित अल्कधर्मी असतं, निळा रंग फिका पडतो.