सर्व्हरवर डेस्कटॉप टाकला, पण पडदा काळाच

प्रश्न: नमस्कार सर, मी नाशिकला सिडकोत राहतो. घरचा लॅपटॉप जुना झालाय, त्यात लाइट कधी जाईल भरवसा नाही, म्हणून महिन्याच्या भाड्याने एक व्हर्च्युअल सर्व्हर घेतला, १ जीबी रॅम, उबंटू लिनक्स. लासलगावचे कांद्याचे भाव रोज उतरवून घेणारी पायथनची स्क्रिप्ट आहे, ती ब्राउझर उघडून चालते, त्यामुळे डेस्कटॉप हवाच. एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) आणि एक्सआरडीपी (तो डेस्कटॉप लांबून दाखवणारा प्रोग्राम) टाकलं, विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपवरून जोडलं, नाव-पासवर्ड घेतो आणि मग नुसता काळा पडदा, कधी तर खिडकीच बंद होते. मित्र म्हणतो व्हीएनसी टाक, तोही लांबून डेस्कटॉप बघायचाच दुसरा मार्ग. आणि खिडकी बंद केली तर आतली स्क्रिप्टही थांबेल का?

उत्तर: पासवर्ड घेतोय ना, मग जोडणी बरोबर आहे, फक्त आत गेल्यावर कुठला डेस्कटॉप सुरू करायचा ते त्याला कळत नाहीये. तुमच्या होम फोल्डरमध्ये डॉट एक्ससेशन नावाची फाइल करा (नावाची सुरुवात टिंबाने), त्यात एकच ओळ, एक्सएफसीई४ डॅश सेशन, बस. मग एक्सआरडीपी रीस्टार्ट. दहातल्या आठ लोकांचा पडदा एवढ्यावर उजळतो. फाइल ज्या युजरने लॉगिन करता त्याच्याच होममध्ये हवी, रूटने (सगळे अधिकार असलेल्या मुख्य युजरने) केलीत तर ती रूटकडे जाईल आणि तुम्ही पुन्हा काळोखात. रूटने डेस्कटॉप चालवूच नका, साधा युजर करा.

आता तुम्ही विचारलं नाहीत पण मला जास्त काळजी त्याची आहे: ३३८९ पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा, जगाला उघडा ठेवलाय का? तो सगळ्यांना माहीत असलेला पोर्ट, त्यावर पासवर्ड ठोकून बघणारे बॉट दिवसरात्र फिरत असतात. तेव्हा फायरवॉलमध्ये फक्त एसएसएचचा (सर्व्हरशी कुलूपबंद जोडणी करणाऱ्या प्रोग्रामचा) २२ उघडा ठेवा आणि डेस्कटॉप त्या जोडणीच्या बोगद्यातून आणा. विंडोज १० आणि ११ च्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएसएच असतंच, त्याला मायनस मोठा एल देऊन ३३९० कोलन लोकलहोस्ट कोलन ३३८९ असं सांगायचं, पुढे युजर आणि सर्व्हरचा पत्ता. ती खिडकी तशीच उघडी ठेवायची आणि रिमोट डेस्कटॉपमध्ये सर्व्हरचा पत्ता न टाकता लोकलहोस्ट कोलन ३३९० टाकायचं. इकडच्या बाजूला ३३९० एवढ्यासाठी की ३३८९ कधी कधी विंडोजनेच अडवलेला असतो. आणि हो, यूएफडब्ल्यू (उबंटूची फायरवॉल) चालू करण्याआधी २२ ला परवानगी द्या! मी एकदा उलट केलं, स्वतःच्याच सर्व्हरबाहेर कुलूप लावून बसलो, मग होस्टिंगवाल्याच्या वेबवरच्या कन्सोलमधून आत शिरावं लागलं.

व्हीएनसी वाईट नाही, पण साध्या व्हीएनसीत पासवर्डनंतरची सगळी बोलणी कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) नसतात आणि जुन्या पद्धतीच्या पासवर्डची फक्त पहिली आठ अक्षरंच धरली जातात. तिथेही व्हीएनसीच्या ५९०१ पोर्टसाठी हाच बोगदा लागणार, मग जे जमलंय तेच ठेवा की.

रिमोट डेस्कटॉपची खिडकी फुलीने बंद केली तर स्क्रिप्ट चालूच राहते, लॉगआउट केलं तर मरते. यात एक गंमत आहे, एक्सआरडीपी युजर आणि रंगांची खोली (किती बिटचे रंग) बघून जुनं सेशन शोधतं. सकाळी ३२ बिटने जोडलं आणि संध्याकाळी नेट रडतंय म्हणून १६ बिट केलं, तर नवा कोरा डेस्कटॉप समोर येतो आणि माणूस म्हणतो माझं काम उडालं. उडालेलं नसतं, मागे जुन्या सेशनमध्ये बसलेलं असतं. म्हणून सुरुवातीलाच १६ ठरवा आणि तेच ठेवा.

१ जीबीत एक्सएफसीई चालेल, पण क्रोमचे चार टॅब उघडले की श्वास कोंडतो, तेव्हा २ जीबी स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करा आणि एक्सएफसीईचा कंपोझिटर (खिडक्यांच्या सावल्या वगैरे दाखवणारा भाग) बंद करा. मेन्यू उशिरा उघडत असेल तर सर्व्हर कुठल्या देशात घेतलाय ते बघा, मुंबईतला असेल तर फरक हाताला जाणवतो. देवनागरीच्या जागी चौकोन दिसले तर लोहित किंवा नोटोचे फॉन्ट टाका, सर्व्हरवर ते बहुतेक नसतातच.

शेवटचं, भाव उतरवायला दिसणारा ब्राउझर खरंच लागतो का? क्रोमियम हेडलेस चालतो, म्हणजे पडद्याशिवाय, आणि क्रॉनला (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रामला) वेळ दिली की रोज आपोआप. आधी डेस्कटॉपवर स्क्रिप्ट नीट चालते का ते बघा, मग एक दिवस हेडलेस करून बघा. जमलं तर त्या १ जीबीत बरीच जागा मोकळी होईल.