घड्याळातली ‘विश्रांतीची कॅलरी’ मोजलेली नसते

ताई, तुम्ही लिहिलंय की वय 41, उंची 158 सेंटिमीटर, वजन 88 किलो, राहणं दारव्हा तालुक्यात. मनगटावरचं स्मार्टवॉच रोज ‘रेस्टिंग कॅलरी’ (म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी शरीर दिवसभरात जाळतं त्या कॅलरी) 1,597 दाखवतं, तुम्ही 1,500 च खाता, तरी वजन जागचं हलत नाही. मग घड्याळ खोटं, की आपलं मेटाबॉलिझमच (शरीराचं ऊर्जा जाळणं) मंद? शिवाय बचत गटातल्या जास्त वजनाच्या बायांना असेच बँड बांधून प्रत्येकीचा आकडा काढायचा तुमचा विचार आहे.

रोज 1,597, एकही इकडेतिकडे नाही, तिथंच मला शंका आली. मोजलेला आकडा थोडा तरी हलतो. तुमचं वय, उंची, वजन घेऊन मी विश्रांतीतल्या खर्चाचा अंदाज देणारं हॅरिस-बेनेडिक्टचं समीकरण कागदावर मांडलं: 655, अधिक वजनाचे 842, अधिक उंचीचे 292, वजा वयाचे 192. बरोबर 1,597. हे समीकरण 1919 सालचं आहे! म्हणजे घड्याळामागचा हिरवा दिवा रात्रभर लुकलुकतो आणि आकडा येतो शंभर वर्षं जुन्या कागदावरून. खात्री करायची तर ॲपमध्ये वजन 88 ऐवजी 78 टाकून पहा. तुम्ही एक ग्रॅम न घटता आकडा साधारण 96 ने खाली येईल.

कंपनीनं फसवलं असं मी म्हणणार नाही, दुसरा इलाज नाही म्हणून ते असं करतात. घड्याळात मुख्य सेन्सर दोन: हालचाल टिपणारा आणि हिरव्या उजेडानं नाडी मोजणारा. तुम्ही चालता, पऱ्हाटीत कापूस वेचता, तेव्हा हालचाल वाढते, नाडी वाढते, आणि नाडीसोबत शरीर घेत असलेला ऑक्सिजनही बऱ्यापैकी सरळ रेषेत वाढतो; कॅलरीचा हिशेब या ऑक्सिजनवरूनच लागतो. तिथं अंदाज बांधायला काहीतरी आधार असतो. पण माणूस पडून राहिला की हालचाल शून्य, आणि नाडीचं ऑक्सिजनशी असलेलं ते नातंच तुटतं. चहा घेतला, मुलाच्या फीची आठवण झाली, खोली तापली, तर नाडी दहा ठोक्यांनी वाढेल, ऑक्सिजन तेवढ्या प्रमाणात वाढणार नाही. बीपीची बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी उलट दबलेली. मग घड्याळाकडे तुम्ही भरलेल्या माहितीशिवाय उरतं काय?

आणि हालचालीतलाही अंदाज किती पक्का, तर स्टॅनफर्डच्या 2017 च्या अभ्यासात सात घड्याळं तपासली होती. सहांनी नाडी बरी मोजली, चूक 5 टक्क्यांच्या आत. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगल्या घड्याळाची सरासरी चूक 27 टक्के, सगळ्यात वाईटाची 93.

त्वचेतून बाहेर पडणारी उष्णता मोजणारे दंडावरचे पट्टेही संशोधनात वापरले गेले. कल्पना चांगली, पण आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत हवा 40 च्या पुढे असते आणि त्वचा 35 च्या आसपास. म्हणजे उष्णता बाहेर जायच्या ऐवजी आत येते, शरीर थंड होतं ते फक्त घामानं. त्यात बाजूनं कूलरचा झोत. असा पट्टा तिथं शरीराचं नाही, खोलीचं माप घेईल.

खरं मोजमाप म्हणजे इनडायरेक्ट कॅलरीमेट्री. मी काही वर्षं एका मेडिकल कॉलेजच्या आहार विभागात हेच काम केलं. पलंगावर उताणं झोपवायचं, डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकचं झाकण, त्याला नळी. किती ऑक्सिजन घेतला, किती कार्बन डायऑक्साइड सोडला यावरून वीर यांच्या 1949 च्या सूत्रानं कॅलरी निघतात. रात्रभराचा उपास, चहा नाही, तंबाखू नाही, आधी वीसेक मिनिटं नुसतं पडून राहायचं, पण झोपायचं नाही. पहिल्या पाच मिनिटांचे आकडे टाकून द्यायचे. एका काकांचा आलेख काही केल्या स्थिर होईना. विचारलं तर म्हणे, “उपाशीच हावो मॅडम, फक्त खर्रा खाल्ला.” खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीच, आणि त्यातलं निकोटीन विश्रांतीतला खर्च वाढवतं, त्यामुळे त्यांना दुसऱ्या दिवशी परत बोलवावं लागलं.

ही सोय प्रत्येक गावी नाही, म्हणून सूत्र वापरणं ठीक आहे, फक्त ते सूत्र आहे हे लक्षात ठेवून. लठ्ठ माणसांसाठी मी मिफ्लिन-सेंट जिऑर (1990) घेते. स्त्रियांसाठी: वजनाची 10 पट, अधिक उंचीची 6.25 पट, वजा वयाची 5 पट, वजा 161. तुमचे येतात सुमारे 1,500. बहुतेकांचा खरा आकडा याच्या 10 टक्के इकडेतिकडे असतो, म्हणजे 1,350 ते 1,650 असंच समजा.

एवढा फरक का, तर वजन किती यापेक्षा ते कशाचं हे महत्त्वाचं. एक किलो चरबी विश्रांतीत दिवसाला जेमतेम साडेचार कॅलरी खाते, एक किलो स्नायू तेरा, आणि यकृताचा एक किलो सुमारे 200. घड्याळाला यातलं काही दिसत नाही. पुण्याच्या डॉ. यज्ञिकांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा 2004 चा फोटो प्रसिद्ध आहे. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 22.3, पण शरीरातली चरबी ब्रिटिश डॉक्टरांची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2. गोऱ्यांवर बेतलेली सूत्रं आपल्याला जरा जास्तच खर्च दाखवतात, त्यामागे हेही एक कारण आहे. तुमचा खरा आकडा 1,500 च्या खाली निघाला तर मला नवल वाटणार नाही.

तरी ‘मेटाबॉलिझम मंद’ हे मी इतक्यात मानणार नाही. 1992 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ म्हणणारी लठ्ठ माणसं तपासली. त्यांचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेइतकाच निघाला, खाणं मात्र सांगितल्यापेक्षा बरंच जास्त. खोटं कोणी बोलत नव्हतं, नजरेनं माप चुकतं एवढंच. दिवसाचा एकूण खर्च विश्रांतीपेक्षा बराच जास्त असतो, घरकाम धरलं तरी 1,900 च्या पुढे जावा. म्हणजे खरोखर 1,500 पोटात जात असते तर वजन थोडं तरी उतरलं असतं. आपल्या वऱ्हाडात हे लपतं ते तेलात. भाजीवरची तर्री, ठेच्यावर सोडलेलं कच्चं तेल, बेसनाची फोडणी. एका चहाच्या चमच्यात साधारण 45 कॅलरी, आणि फोडणीची पळी कोणी चमच्यानं मोजत नाही. महिन्याला घरात किती किलो तेल येतं आणि खाणारी माणसं किती, एवढं लिहा. थायरॉइडची टीएसएच तपासणी झाली नसेल तर तेवढी करून घ्या.

बचत गटाला बँड वाटायचे असतील तर पावलांसाठी वाटा, सकाळच्या नाडीसाठी वाटा. रजिस्टरमध्ये ‘विश्रांतीच्या कॅलरी’चा रकाना नको, तिथं बाईचा नाही, सूत्राचाच आकडा येईल. त्याऐवजी कमरेचा घेर घ्या (आपल्या बायांसाठी 80 सेंटिमीटरच्या वर धोका), बीपी घ्या, वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर, सकाळी, चहाच्या आधी. शाळेतला काटा उधार मिळतो का बघा, दवाखान्यातला आणि किराणा दुकानातला असे दोन काटे मिसळू नका.