वेगवान गोलंदाजाचा एक खांदा खाली दिसतो, तर खेळ थांबवावा का?

तेरा वर्षांच्या मुलाचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड आणि उजवा खांदा किंचित खाली दिसतो, म्हणून त्याची वेगवान गोलंदाजी बंद करावी का, असे तुम्ही विचारले आहे. मी वडोदऱ्यात शाळकरी क्रिकेटपटूंचा फिजिओथेरपिस्ट आहे. निव्वळ एवढ्यावरून खेळ थांबवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हाडावर जसा भार पडतो तसे ते घडते. १९७७ साली व्यावसायिक टेनिसपटूंच्या तपासणीत, खेळणाऱ्या हाताच्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांत २८ टक्के जाड आढळली होती. हा आजार नव्हे.

दिसण्यापेक्षा हालचाल तपासावी. मुलाला उताणे झोपवा, दंड खांद्याच्या रेषेत बाजूला ठेवा, कोपर काटकोनात दुमडून बोटे छताकडे करा. मग खांदा उचलला जाणार नाही अशा बेताने हात आधी डोक्याकडे आणि नंतर पायांकडे झुकवा. उजवा हात डोक्याकडे जास्त व पायांकडे कमी जाईल, पण दोन्हींची बेरीज डाव्या हाताइतकीच भरली तर काळजी नको. बेरीज घटली असेल, तर खांद्याची मागची बाजू आखडलेली असू शकते आणि ती फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावी.

मला खरी काळजी वाटते ती कमरेची. उजव्या हाताचा गोलंदाज डाव्या पायावर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर वर चढतो आणि त्याच क्षणी पाठ मागे व बाजूला वाकलेली असते. त्यामुळे खालच्या मणक्यांत ताणाने पडणारी बारीक चीर बहुधा डाव्या बाजूला सापडते. कमरेत एकाच बाजूला दुखत असेल आणि मागे वाकल्यावर ते वाढत असेल, तर गोलंदाजी त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, तेव्हा एमआरआयचा विषय तुम्हीच काढा.

फरक भरून काढण्यासाठी डाव्या हाताने गोलंदाजी करवण्याचा मात्र आग्रह धरू नका. त्यापेक्षा, जुम्मादादा व्यायाम मंदिरासारखा जुना आखाडा असलेल्या या शहरात राहताच आहात, तर जाणत्या उस्तादांच्या देखरेखीखाली हलक्या मुद्गलांची, म्हणजे व्यायामाच्या लाकडी गदांची, जोडी फिरवायला शिकवा. त्यात दोन्ही खांद्यांना आणि कमरेला सारखे काम मिळते.

आणखी एक तपासणी करा. मुलाला पुढे वाकवून मागून पाहा. पाठीची एक बाजू उंचवट्यासारखी वर आली, तर तो कण्याचा बाक असू शकतो आणि त्याचे कारण गोलंदाजीत शोधत न बसता डॉक्टरांकडे जावे.