साइटवरचे मजूर आणि साथ

प्रश्न: वर्धा रोडला माझी छोटी साइट आहे, १८ मजूर. कोरोनाची साथ परत आली तर मास्क वाटून भागेल का? – एक ठेकेदार, नागपूर

उत्तर: मास्क द्याच भाऊ, पण आपल्याकडं मे महिन्यात ४५ डिग्रीत तो घामानं ओला होतो, म्हणून बदलायला दोन-तीन तरी द्या. खरा धोका स्लॅबवर कमी, तिथं हवा मोकळी असते, पण पत्र्याच्या खोलीत आठ-आठ जण दाटीनं झोपतात तिथं जास्त, तिथली माणसं कमी करा, खिडक्या उघड्या ठेवा. हात धुवायला साबण, पाणी हवंच, २० सेकंद तरी. अन् ताप आलेल्याची रोजी कापू नका, कापली तर तो गोळी खाऊन ताप लपवतो अन् कामावर येतो. २०२० मध्ये रोजी बुडाली म्हणून लेकरं खांद्यावर घेऊन पायी निघालेले मजूर आपण हायवेवर पाहिलेत ना!