इलेक्ट्रिक गिटारची मान वाकलीय, फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झिजलेत. मिरजेच्या सतारमेकरांकडे दुरुस्त होईल का?

मानेला चीर असेल तर मिरजेत जरूर दाखवा. लाकूड सांधण्यात त्या हातांना तोड नाही. फ्रेटसाठी मात्र गिटारचाच कारागीर शोधा. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकणारे; गिटारचे फ्रेट खाचेत ठोकलेले असतात.

पण आधी घरीच एक तपासा. सूर लावून जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधली फट साधारण ०.२५ मिमी हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक ठरवणारी धातूची सळी) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, पुन्हा सूर लावून बघा. जोर अजिबात नको, रॉड तुटला की खर्च मोठा. माझ्या लाडक्या गिटारची पावसाळ्यात वाकलेली मान एवढ्यानंच सरळ झाली.